'एस्तोय एक्सितादा' म्हटलं आणि पलीकडे शांतता पसरली

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ॲप आणि इंग्रजी पुस्तकं वापरून स्पॅनिश शिकते. ऑफिसच्या मेक्सिकोतल्या टीमबरोबर पहिला कॉल होता. पुढच्या महिन्यात ग्वादालाहाराला जायचंय, म्हणून मी उत्साहात 'एस्तोय मुय एक्सितादा' म्हटलं. दोन सेकंद कोणी बोललं नाही, मग एकाला खोकला आला. नंतर मॅनेजर म्हणाले, तो शब्द वापरू नकोस. का, ते सांगितलं नाही. मग 'आय ॲम एक्सायटेड'ला स्पॅनिशमध्ये म्हणायचं तरी काय?"

आधी त्या खोकणाऱ्या माणसाचे आभार माना. तो सभ्य होता.

तुम्ही म्हणालात ते मराठीत आणून बघा: "मी फार उत्तेजित झाले आहे." शब्दकोशात 'उत्तेजित' या शब्दाला काही डाग नाही. शाळेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं, ते आपण आईबाबांना कौतुकाने दाखवतो. पण नव्या सहकाऱ्यांच्या कॉलवर कोणी आपण उत्तेजित झाल्याचं जाहीर केलं, तर आपल्यालाही खोकला येईल. स्पॅनिशमधल्या 'एक्सितादो' आणि 'एक्सितादा'चं अगदी तेच झालंय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जागं करणं, चेतवणं असा साधा आहे आणि इंग्रजीतला शब्दही तिथूनच आलाय. पण माणसाने स्वतःबद्दल हा शब्द वापरला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला येतो तो शारीरिक अर्थ.

म्हणजे शब्द मुळातच वाईट आहे असं नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात इलेक्ट्रॉन खुशाल 'एक्सितादो' असतो. कॉफीला 'एक्सितान्ते' म्हणतात, म्हणजे तरतरी आणणारं पेय. दंगल पेटायच्या बेतात असलेल्या गर्दीबद्दल बातमीदार हा शब्द वापरेल, आणि रागाने लाल झालेल्या माणसाला एखादी जुन्या वळणाची आजी 'नो ते एक्सितेस', म्हणजे एवढा चिडू नकोस, असंही म्हणेल. इलेक्ट्रॉनला चालतं, कॉफीला चालतं, तुम्हाला नाही. सामना रंगला तरी तो 'एक्सितान्ते' म्हणू नका, 'एमोसिओनान्ते' म्हणा.

माझंही हेच झालंय, म्हणून एवढ्या आत्मविश्वासाने सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी स्पेनमधल्या सालामान्काला शिकायला होते आणि एका वयस्कर बाईंच्या घरी राहायचे. दुसऱ्या दिवशी सेव्हिया या दुसऱ्या शहरात जायचं होतं. जेवताना मी मोठ्या आवाजात जाहीर केलं की मी 'मुय एक्सितादा' आहे, उद्या सेव्हिया! बाई मसुराची आमटी वाढत होत्या. पळी तशीच हवेत राहिली. मग त्यांनी आमटी वाढली आणि माझ्याकडे न बघता, शांतपणे म्हणाल्या, "इलुसिओनादा, इखा, इलुसिओनादा." 'इखा' म्हणजे मुली, बाळा. पुढचं वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. पण मी कुठेही निघाले की त्या डोळे मिचकावून विचारायच्या, "इलुसिओनादा?"

आता तुमचा मूळ प्रश्न. 'एक्सायटेड'ला एक शब्द सांगा, असं मला माझ्या स्पॅनिशच्या वर्गात दर बॅचमध्ये विचारतात. मी एक शब्द सांगत नाही, त्याचं कारण असं. इंग्रजीत 'आय ॲम' म्हणायचं आणि पुढे एक विशेषण जोडायचं, की भावना सांगून झाली. भूक लागली, उकडतंय, भीती वाटली, कंटाळा आला, सगळं त्याच एका साच्यात बसतं. स्पॅनिशचा साचा बहुतेक वेळा उलटा असतो. तिथे भावना माणसाकडे चालत येते किंवा माणसापाशी असते. 'मे दा म्येदो', शब्दशः बघितलं तर 'मला भीती देतं', म्हणजे मला भीती वाटते. 'तेंगो आंब्रे', माझ्याकडे भूक आहे. 'मे गुस्ता', मला आवडतं.

हे वाचताना तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल, कारण आपण असेच बोलतो. मला भूक लागते, मला राग येतो, मला हसू येतं, मला तुझी आठवण येते. मराठीत भावनेचा कर्ता 'मी' फार क्वचित असतो. क्रियापद कोणाशी जुळतं तेही बघा: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबा एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. 'मला' तेच राहतं, बदलतो तो आंबा. लंडनहून आलेल्या विद्यार्थ्याला हे समजावायला माझे दोन तास जातात. साताऱ्याहून आलेल्या मुलीला दोन मिनिटं पुरायला हवीत. पण तीही आधी मनातल्या मनात 'आय लाइक' म्हणते आणि मग 'यो गुस्तो' म्हणून मोकळी होते. त्याचा अर्थ जवळपास 'मी लोकांना आवडते' असा होतो! पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, म्हणून डोकंही इंग्रजीत चालतं. घरात पूल बांधून ठेवलेला असताना आपण लांबच्या घाटाने जातो.

तेव्हा पुढे जे सांगते ते ऐकताना 'एक्सायटेड' हा शब्द जरा बाजूला ठेवा. स्वतःला मराठीत विचारा की मला नेमकं काय होतंय. हौस आहे? उत्सुकता आहे? कधी एकदा तो दिवस येतो असं झालंय? बातमी ऐकून हरखून गेलेय? की डोळे भरून आलेत? इंग्रजी या सगळ्यावर एकच पांघरूण घालतं. स्पॅनिश घालत नाही, आणि आपणही घालत नाही.

तुम्हाला जायची घाई झालीये, म्हणून तिथूनच सुरू करू. सगळ्यात उपयोगी, सगळीकडे चालणारं आणि कधीही न फसणारं वाक्य आहे 'तेंगो मूचास गानास दे...' आणि पुढे क्रियापद. 'तेंगो मूचास गानास दे कोनोसेरलोस', तुम्हा सगळ्यांना भेटायची फार इच्छा आहे. 'तेंगो मूचास गानास' माद्रिदपासून ब्वेनोस आयरेसपर्यंत कुठेही म्हणा. 'गानास' म्हणजे इच्छा, ऊर्मी, आतून आलेला जोर. जेवायचे गानास, झोपायचे गानास, रडायचे गानास, अगदी ओकायचेही गानास असतात. म्हणून पुढचं क्रियापद कधीही गाळू नका. 'तेंगो गानास दे बेर्ते', तुला भेटावंसं वाटतंय, हे गोड वाक्य आहे. शब्द थोडे हलवून 'ते तेंगो गानास' केलंत, तर अर्थ एक तर शय्यागृहातला होतो किंवा 'तुला बघून घेतो' असा. आणि बहुवचनाचा 'स' सांभाळा. एकवचनी 'गाना' भांडखोर आहे. 'पोर्के मे दा ला गाना' म्हणजे 'माझी मर्जी, तुला काय करायचंय!'

मग येतं 'नो बेओ ला ओरा दे...' शब्दशः 'ती वेळ मला दिसत नाही'. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि मराठीत काय म्हणाल असं विचारते. वर्ग 'आय कान्ट वेट'पाशी अडतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "कधी एकदा भेटतोय असं झालंय." तेच! वाट बघून डोळे शिणलेत आणि वेळ काही दिसत नाही. 'मे म्वेरो दे गानास' हे याच कुळातलं, पण जरा नाटकी. इच्छेने मरतेय, जीव चाललाय. मैत्रिणीला म्हणा, बॉसला नको.

मेक्सिकोत रोजच्या बोलण्यात याहून सोपं काहीतरी ऐकू येईल: 'या क्येरो...' 'या क्येरो इर', कधी एकदा जाते असं झालंय. 'या क्येरो के येगे एल ब्येर्नेस', शुक्रवार एकदाचा येऊ दे. या छोट्याशा 'या'मध्ये आपल्या 'एकदाचा'ची सगळी अधीरता आहे. 'या एस ब्येर्नेस', आला एकदाचा शुक्रवार. 'या' हा शब्द शिकवणं अवघड आहे, पण मराठी माणसाला तो आधीच येत असतो.

इथे एक व्याकरणाची गोष्ट आहे आणि ती टाळता येत नाही. स्वतः जायचं असेल तर साधं क्रियापद. दुसऱ्या कोणी काही करावं असं असेल तर 'के', म्हणजे आपला 'की', येतो आणि क्रियापदाचं रूप बदलतं: 'क्येरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. बाहेरचे लोक या रूपाला घाबरतात. इंग्रजी पुस्तकं त्यावर तीन-तीन प्रकरणं खर्च करतात. आपण 'यावंस', 'करावं', 'मिळावं' दिवसभर वापरतो. 'तू येतोस' आणि 'तू यावंस' यातला फरक ज्याला कळतो, त्याला 'ब्येनेस' आणि 'बेंगास' यातला फरक कळायला हरकत नाही. दोन्ही भाषांमध्ये सगळ्या जागा तंतोतंत जुळत नाहीत. 'तू येतोयस याचा मला आनंद आहे' इथे आपण साधं रूप वापरतो आणि स्पॅनिश मात्र भावना आली की बदललेलंच रूप मागते: 'मे आलेग्रा के बेंगास'. तेवढं लक्षात ठेवा.

आता माझा लाडका शब्द, सालामान्काच्या बाईंचा. 'इलुसिओन'.

इंग्रजी शिकलेल्या माणसाला तो पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, कारण इंग्रजीत तो भ्रम आहे. स्पॅनिशमध्येही भ्रम हा अर्थ आहेच. 'नो ते आगास इलुसिओनेस' म्हणजे उगाच मनात मांडे खाऊ नकोस. पण स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात 'इलुसिओन' म्हणजे पुढे येणाऱ्या चांगल्या गोष्टीने मनात आधीच लागलेला दिवा. 'मे आथे मूचा इलुसिओन' असं म्हणतात, तिथला 'थ' स्पेनचा, मेक्सिकोत तोच 'आसे' होतो. मला याचा फार आनंद आहे, मला याची फार हौस आहे. 'के इलुसिओन!' म्हणजे काय मजा, काय आनंद! हुलियान मारियास या स्पॅनिश तत्त्वज्ञाने 1984 मध्ये या एका शब्दावर अख्खं छोटं पुस्तक लिहिलं. हा उजळ अर्थ खास स्पॅनिशचाच, असं त्याचं म्हणणं होतं. लॅटिनमध्ये याच शब्दाचं मूळ खेळणं आणि त्यातून थट्टा करणं, फसवणं असं आहे. फसवणुकीच्या शब्दातून आशेचा शब्द कसा निघाला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हा शब्द ऐकायचा असेल तर स्पेनमधला डिसेंबर-जानेवारी बघा. 22 डिसेंबरला नाताळची मोठी लॉटरी निघते. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे आणि बक्षिसं गाऊन सांगतात आणि सगळा देश सकाळपासून टीव्हीसमोर असतो. मग 5 जानेवारीची रात्र, बाळ येशूसाठी भेटी घेऊन आलेल्या तीन राजांची. मुलं आपले बूट खिडकीपाशी ठेवून झोपतात, सकाळी तिथे भेटी मिळणार असतात. त्या रात्री मुलांच्या चेहऱ्यावर जे असतं त्याला स्पॅनिश माणूस 'इलुसिओन'च म्हणतो, दुसरा शब्द त्याला सुचत नाही. मुलं जास्तच उधळली तर 'एस्तान रेबोलुसिओनादोस', म्हणजे घरात क्रांती झालीये! आणि स्पेनमध्ये नव्या क्लबात आलेला फुटबॉलपटू पहिल्या पत्रकार परिषदेत 'बेंगो कोन मूचा इलुसिओन' म्हणतो. सगळेच म्हणतात, इतकं की ते वाक्य आता झिजून गुळगुळीत झालंय.

मराठीत मला त्याच्या सगळ्यात जवळ 'हौस' वाटते. पण हौस भागवता येते आणि इलुसिओन नेहमी पुढेच बघत असते. तुम्हाला एक सावधगिरी: मेक्सिकोत 'मे आसे इलुसिओन' म्हटलं तर समजेल, पण कानाला स्पेनचं वाटेल. पुण्यातल्या माणसाने नागपुरात गेल्या गेल्या ठेवणीतलं पुणेरी बोलावं, तसं काहीसं. ग्वादालाहारासाठी दुसरं काहीतरी घ्या.

ते दुसरं म्हणजे 'एमोसिओनादा'. मॅनेजरने तुम्हाला बहुधा हाच शब्द सुचवला असता. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'एस्तोय मुय एमोसिओनादा' म्हणजे अगदी तुम्हाला म्हणायचं होतं तेच. पुरुष असेल तर 'एमोसिओनादो'. 'झाले' आणि 'झालो' करत वाढलेल्या आपल्याला यात नवीन काही नाही. 'मे दा मूचा एमोसिओन' हेही तिकडे चालतं, आणि त्यात पुन्हा आपला 'मला' आहे. फक्त या शब्दाला एक ओलसर बाजू आहे हे ध्यानात ठेवा. भाचीच्या लग्नात मामाचा कंठ दाटून येतो, तोही 'एमोसिओनादो'. पदक घेताना खेळाडूच्या डोळ्यांत पाणी येतं, तोही. स्पेनमध्ये तर हा गहिवराचा अर्थच आधी कानाला लागतो. आपल्याकडे हरखणं वेगळं आणि गहिवरणं वेगळं, दोन्ही एकाच शब्दात बसवायला आपण तयार होणार नाही. त्यामुळे माद्रिदच्या ऑफिसला 'नव्या सॉफ्टवेअरबद्दल मी एमोसिओनादा आहे' असं लिहिलंत, तर त्यांना वाटेल की सॉफ्टवेअर बघून बाईंना भरून आलं.

ऑफिसचा विषय निघालाच आहे तर तेही उरकते. इंग्रजी मेलमध्ये आजकाल सगळेच सगळ्याबद्दल एक्सायटेड असतात. नवी आवृत्ती आली, एक्सायटेड. बैठकीची वेळ ठरली, एक्सायटेड. हे स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं नेऊ नका. घोषणा करायची तर ठरलेलं वाक्य आहे: 'नोस कोंप्लासे आनुन्सियार', कळवताना आनंद होतो. नव्या कामाबद्दल लिहायचं तर 'मे एन्तुस्यास्मा ला इदेआ दे...' आणि पुढे काय करायचंय ते. बैठकीची वेळ ठरली तर 'पेर्फेक्तो' पुरे. 'आन्सिओसा' असाही एक शब्द भेटेल. लॅटिन अमेरिकेत तो अधीर या अर्थी चालतो, पण त्याला घालमेलीचा वास आहे.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. 'मी एक्सायटेड आहे' असं सांगणं हीच मुळात उत्साह दाखवायची दुय्यम पद्धत आहे. आनंदाच्या भरात माणूस स्वतःच्या मनःस्थितीचा अहवाल देत नाही. बहिणीला नोकरी लागली तर तुम्ही काय म्हणता? "काय सांगतेस! कधीपासून? अगं पेढे कुठायत!" यात 'मी' कुठेही नाही.

22 जून 1986. मेक्सिको सिटीचं आस्तेका मैदान, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. 55व्या मिनिटाला मारादोनाने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला आणि एकामागून एक खेळाडू चुकवत गोल केला. अर्जेंटिनाच्या रेडिओवर समालोचक होते उरुग्वायचे बिक्तोर उगो मोरालेस. ते समालोचन जरूर ऐका, कुठेही मिळेल. 'जीनियस' या अर्थाचा 'खेनियो' तीनदा, मग नुसतंच ता-ता-ता, मग गोल. मग ते म्हणतात 'क्येरो योरार', मला रडायचंय. अर्जेंटिना आणि उरुग्वायमधल्या रिओ दे ला प्लाता नदीकडचे ते, म्हणून उच्चार 'शोरार' असा येतो. देवाचं नाव घेतात, फुटबॉलचा जयजयकार करतात, श्रोत्यांची माफी मागतात आणि मारादोनाला 'बार्रिलेते कोस्मिको', म्हणजे ब्रह्मांडातला पतंग, म्हणून विचारतात की तू कुठल्या ग्रहावरून आलास! आपण भारावलो आहोत, असं सांगायला ते थांबत नाहीत. स्पॅनिश शिकवायला लागल्यापासून मी दर बॅचला हे ऐकवते. अर्थ कळायच्या आधीच मुलांच्या अंगावर काटा येतो.

तुम्हाला कोणी पतंग उडवायला सांगत नाही. पण 'के' शिका. 'के' म्हणजे 'काय', आणि आपल्या 'काय'सारखाच तो प्रश्नही विचारतो आणि उद्गारही काढतो. 'के आलेग्रीया!' काय आनंद झाला! 'के ब्वेना नोतीसिया!' काय छान बातमी! 'के गुस्तो!' हा खास मेक्सिकोत कानावर पडेल, भेटल्याचा आनंद. इंग्रजीत इथे 'हाउ' की 'व्हॉट अ' अशी निवड करावी लागते. आपल्याला नाही. जे नाम सुचेल ते 'के'च्या पुढे ठेवा. लिहिताना फक्त उद्गारचिन्ह दोन्ही बाजूंना, सुरुवातीला उलटं आणि शेवटी सुलटं. मोबाइलवरच्या गप्पांत लोक सुरुवातीचं सर्रास गाळतात, मेलमध्ये गाळू नका.

या 'के'च्या मागे प्रत्येक देशाचा आपापला शब्द येतो आणि इथे खरी मजा आहे. स्पेनमध्ये 'के ग्वाय', कोलंबिया-व्हेनेझुएलाकडे 'के चेबेरे', पेरू आणि चिलेमध्ये 'बाकान', अर्जेंटिनात 'के कोपादो'. अर्जेंटिनाची माणसं विशेषणाला पुढे एक 'रे' चिकटवतात, 'रे कोन्तेन्ता', म्हणजे जाम खूश. तुमच्या मेक्सिकोत 'के पाद्रे!' शब्दशः 'काय बाप!' आता हसा. आपली पोरं 'बाप पिक्चर आहे', 'एकदम बाप' म्हणतात, अगदी तसंच. फारच आवडलं तर 'पाद्रीसिमो', म्हणजे बापाचाही बाप. मेक्सिकोत आईवरूनही असेच शब्द आहेत, कौतुकाचेही आणि शिवीचेही, आणि कधीकधी दोन्हींचे शब्द तेच असतात, फरक फक्त सुराचा. वर्षभर तिथे राहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. बाप घ्या, आईला हात लावू नका.

आणखी एक वाक्य केवळ हौसेखातर. 'नो केपो एन मी दे आलेग्रीया.' आनंदाने मी माझ्यातच मावत नाही. आपला आनंद गगनात मावत नाही, त्यांचा माणूस स्वतःत मावत नाही. जागा कमी पडण्याचं दुःख दोन्हीकडे तेच! जरा साहित्यिक वाक्य आहे, रोज वापरायचं नाही. पण मराठी माणसाने ते एकदा ऐकलं की विसरत नाही.

जाता जाता त्याच खड्ड्यातले आणखी दोन शब्द, म्हणजे पुढच्या कॉलवर पुन्हा कोणाला खोकला नको. उकडतंय म्हणून 'एस्तोय काल्येन्ते' म्हणू नका, त्याचा अर्थ तुमच्या 'एक्सितादा'चाच सख्खा भाऊ आहे. 'तेंगो कालोर' म्हणा. माझा एक विद्यार्थी ऐन जुलैत सेव्हियात हे म्हणाला होता, दुकानात, काउंटरवरच्या मुलीला. तिने पंखा त्याच्याकडे वळवला आणि ती आत निघून गेली. आणि या सगळ्याने ओशाळल्यासारखं वाटत असेल तर 'एंबारासादा' असं सांगू नका, नाहीतर अभिनंदनाचे मेल येतील. त्याचा अर्थ गरोदर. ओशाळले यासाठी 'मे दा बेर्ग्वेन्सा' म्हणा. पुन्हा तोच 'मे', मला लाज वाटते.

झाल्या प्रकाराची माफी मागायची गरज नाही. तुमच्या टीमने असे शंभर परदेशी ऐकले असतील. ग्वादालाहाराला निघायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर एवढंच टाका: 'या क्येरो येगार! तेंगो मूचास गानास दे कोनोसेरलोस आ तोदोस.' कधी एकदा पोहोचते असं झालंय, तुम्हा सगळ्यांना भेटायची फार इच्छा आहे. सगळ्यात आधी खोकणाऱ्याचंच उत्तर आलं आणि त्यात 'के पाद्रे' असलं, तर समजा विषय मिटला.